‘पार्ट येत नाही’ म्हणाले तर? दुरुस्तीचा हक्क प्रत्यक्षात वापरायचा कसा

आमचं वॉशिंग मशीन सहा वर्षांचं होतं. एका सकाळी पाणी भरलं, ड्रम दोनदा फिरला आणि पॅनेलवरचे सगळे दिवे लुकलुकायला लागले. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकण उघडलं आणि दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळा झाला: “पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, गेलाय काका. या मॉडेलचा आता येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, मी करून देतो.” बॅग आवरताना म्हणाला, “मोबाइलवर एक कोड आला असेल, तेवढा सांगा.” मी सांगितला. संध्याकाळी मेसेज आला: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. फोन करून विचारलं तेव्हा कळलं, कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘ग्राहकास दुरुस्तीत रस नाही’.

म्हणजे कंपनीच्या दप्तरी मशीन बंद नव्हतं, पार्टही तुटलेला नव्हता. मीच नको म्हणालो होतो. तो कोड म्हणजे माझी सही होती, हे सांगून झाल्यावर समजलं. पुढे पत्रापत्री करून पार्ट मिळाला, पण त्यात साडेतीन आठवडे गेले. खालची सगळी माहिती त्या साडेतीन आठवड्यांची आणि त्यानंतर शेजारपाजाऱ्यांच्या वस्तूंसाठी केलेल्या खटपटीची आहे.

आधी कायद्याचं काय ते पाहू

‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं आपल्या तेव्हाच्या अतिरिक्त सचिव निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि चार क्षेत्रं हाती घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं, आणि वाहनं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर इंडिया’ हे सरकारी पोर्टल सुरू झालं. कंपन्यांनी आपली सर्व्हिस सेंटरं, वॉरंटीच्या अटी, सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी अशी कल्पना आहे. काही कंपन्यांची माहिती नीट आहे, काहींची म्हणजे त्यांच्याच वेबसाइटच्या पहिल्या पानाची लिंक. तरी तक्रार करण्याआधी तिथे बघून स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. कंपनीनं स्वतः सरकारी पोर्टलवर लिहिलेलं तिलाच दाखवता येतं.

फ्रान्समध्ये मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचा दहापैकी गुणांक छापणं २०२१ मध्ये सक्तीचं झालं. आपल्याकडेही असा निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीनं मे २०२५ मध्ये अहवाल दिला. पण तो गुणांक खोक्यावर छापून येईपर्यंत आपलं काम चालणार आहे ते ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वरच. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातले तीन शब्द लक्षात ठेवा: वस्तूतला ‘दोष’, सेवेतली ‘त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’. पैसे घेऊन नीट दुरुस्ती न करणं ही त्रुटी. ग्राहकाला कळायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटीच. बिल न देणं ही अनुचित प्रथा. आपलं म्हणणं या तीन खणांपैकी कुठल्या तरी एकात बसवायचं आणि ते कागदावर दाखवायचं. कागद नसेल तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कितीही आवाज चढवा, उपयोग शून्य.

वस्तू घरी येते त्या दिवशी

आजकाल बिलं थर्मल कागदावर मिळतात. वर्षभरात तो कागद कोरा होतो, कपाटात ठेवला तरी. त्याच दिवशी फोटो काढा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. सोबत यंत्राच्या मागच्या किंवा दाराआडच्या स्टिकरचाही फोटो हवा, ज्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. मशीन एकदा भिंतीला लागलं की तो स्टिकर वाचायला दोन माणसं लागतात. खोकं फेकण्याआधी त्यावरचा ग्राहक तक्रारीसाठीचा पत्ता, फोन, ईमेल टिपून घ्या. पुढे पत्र पाठवायचं झालं की हाच पत्ता लागतो.

‘दहा वर्षांची वॉरंटी’ ही पाटी वाचताना जरा थांबा. फ्रिज-एसीच्या बाबतीत ती बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची असते, वॉशिंग मशीनच्या बाबतीत फक्त मोटरची. कॉम्प्रेसर फुकट मिळतो; गॅस, मजुरी आणि व्हिजिट चार्ज तुमच्या खिशातून. दुकानदार गळ्यात मारतो त्या ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’चा कागद तर वेगळाच. तिच्यामागे उत्पादक कंपनी आहे, दुकान आहे की एखादी विमा कंपनी, हे कागदावर बघा, कारण तक्रार त्याच्याच दारात करायची असते.

आणि तळमजल्यावर किंवा चाळीत राहत असाल तर वॉशिंग मशीनच्या खाली उंदरांची जाळी बसवूनच घ्या. उंदरानं वायर कुरतडली तर ते वॉरंटीत बसत नाही, आणि मशीनच्या पोटात शिरायला उंदराला आमंत्रण लागत नाही.

बंद पडलं: फोन करण्याआधी पाच मिनिटं

मिक्सर अचानक थांबला तर प्लग काढा, भांडं उतरवा आणि मिक्सर उलटा करा. बऱ्याच मिक्सरच्या बुडाशी एक छोटं लाल बटण असतं. इडलीचं पीठ जरा घट्ट वाटलं की मोटरवर ताण येऊन ते बाहेर येतं. थोडं गार होऊ द्या, बटण आत दाबा, बहुधा चालू होतो. एवढ्यासाठी मिक्सर पिशवीत घालून दुकानात नेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतला एक मी.

वॉशिंग मशीनमध्ये पाणी हळू येत असेल तर नळाकडची नळी काढून आतली बारीक जाळी बघा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तिथे ती गाळानं आणि क्षारानं बुजलेली असते. फ्रिज गार होत नसेल तर दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर आधी रबरावर संशय घ्या. स्क्रीनवर एरर कोड येत असेल तर बटणं दाबून घालवू नका, आधी फोटो घ्या. बिघाड दाखवणारा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढलात तर उत्तमच, कारण मेकॅनिक दारात आला की यंत्र हटकून शहाण्यासारखं चालू लागतं.

कंपनीचा माणूस येतो तेव्हा

तक्रार नोंदवली की नंबर घ्या. व्हिजिट चार्ज किती, तो दुरुस्ती केली तर माफ होतो का, जीएसटी धरून की वेगळा, हे फोनवरच विचारा.

तो यंत्र उघडतो तेव्हा शेजारी उभे राहा. पाळत ठेवायची म्हणून नाही. चांगला मेकॅनिक स्वतःहून दाखवतो की बघा, हा कपॅसिटर फुगलाय. जो दाखवत नाही त्याला विचारा: बिघाड कशात आहे, कसा तपासलात, नवा पार्ट केवढ्याला, मजुरी किती, बसवलेल्या पार्टला वॉरंटी किती दिवस? उत्तरं जॉबशीटवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून मागा. आजकाल जॉबशीट मोबाइलवरच असते, तर त्याच्या स्क्रीनचा फोटो घ्या. ‘पार्ट येत नाही’ असं उत्तर मिळालं तर तेही त्याच जॉबशीटवर यायला हवं, पार्टच्या नावासकट. इथे बरेचदा माणूस अडखळतो. तोंडानं सांगायला त्याला काही वाटत नाही, लिहायचं म्हटलं की साहेबांना फोन लावतो.

कोड मात्र काम पूर्ण झाल्याशिवाय द्यायचा नाही. “नुसता व्हिजिटचा आहे हो,” असं म्हणाला तर मेसेज मोठ्यानं वाचून दाखवा. काम पूर्ण झाल्याचा असेल तर नम्रपणे सांगा, “दादा, मशीन चालू झालं की लगेच देतो.” त्या पोराचाही नाइलाज असतो, किती तक्रारी बंद केल्या यावर त्याचा हिशेब होतो. त्याच्याशी भांडू नका, पण कोडही देऊ नका.

वॉरंटी संपली असेल आणि पैसे देऊन पार्ट बदलला असेल तर जुना पार्ट मागून घ्या. जुना जमा करून नवा कमी दरात, असा व्यवहार असेल तर तसं बिलावर लिहिलेलं हवं. जुना पार्ट मागणार हे सुरुवातीलाच सांगून ठेवलं की गरज नसताना पार्ट बदलण्याचं प्रमाण आपोआप कमी होतं, हा माझा अनुभव.

एसीच्या गॅसबद्दल थोडं सविस्तर

सगळ्यांत जास्त पैसे कुठे जात असतील तर या एका वाक्यात: “गॅस कमी झालाय, भरावा लागेल.” एसीची नळी म्हणजे बंद चक्र आहे. गाडीतल्या पेट्रोलसारखा त्यातला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस तेच वाक्य म्हणतो.

म्हणून आधी फिल्टर धुऊन बघा. घरातलं आणि बाहेरचं युनिट धुळीनं भरलेलं असलं तरी गारवा कमीच येतो. तरीही गॅसच म्हणाला तर आधी गळती शोधायला सांगा: नायट्रोजनचा दाब देऊन जोडांना साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. गळती बंद करायची, मग व्हॅक्यूम पंपानं नळीतली हवा आणि ओल काढायची आणि शेवटी गॅस वजनानं भरायचा. कुठला गॅस आणि किती, हे युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ आर-३२ आणि पुढे वजनाचा आकडा. वजनकाटा न आणता ‘हातानं अंदाज येतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. बिलावर गॅसचं नाव आणि वजन लिहून घ्या. आर-३२ पेट घेऊ शकतो, आणि पुष्कळ नव्या फ्रिजमधला आर-६००ए तर सहज पेटतो. त्यामुळे शिकाऊ हाताला तिथे वेल्डिंग करू देऊ नका.

मोबाइल देताना

यंत्र बिघडलं तर पैसे जातात, मोबाइलमधून त्याहून बरंच काही जाऊ शकतं. बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा. पिन सांगू नका. काही फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ किंवा ‘रिपेअर मोड’ असतो, तो चालू केला की फोटो, मेसेज, बँकेची ॲप झाकली जातात आणि तरी फोन तपासता येतो. स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघा आणि जॉबशीटवर तोच आहे ना याची खात्री करा. आधीपासूनचे ओरखडे त्यांच्यासमोर फोटोत पकडा, नाहीतर नंतर ‘पडलेला फोन आहे’ म्हणून वॉरंटी नाकारली जाते.

बाहेरच्या दुकानात डिस्प्लेला ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात आणि ‘ओरिजिनल’ या शब्दाचे तिथे चार अर्थ असतात. कंपनीचाच, दुसऱ्या फोनमधून काढलेला, फक्त काच बदललेला की नक्कल, हे बिलावर लिहायला लावा. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली बदललेल्या पार्टची नोंद दिसते. बॅटरी घेताना तिच्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासा.

बाहेरून दुरुस्ती केली तर वॉरंटी जाते का?

वॉरंटी चालू असताना सील स्वतःहून तोडू नका, हा सरळ सल्ला. वस्तू बाहेर उघडली म्हणून वॉरंटी रद्द करता येणार नाही, असं स्पष्ट सांगणारं कलम आपल्या ग्राहक कायद्यात नाही. वाहनांच्या बाबतीत एक महत्त्वाचा निकाल मात्र आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देता गिऱ्हाईक बांधून ठेवलं, हा ठपका होता. पुढे अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाला, पण सुट्या भागांची कोंडी करणं हा निव्वळ कंपनीचा खासगी मामला नाही, हे त्यातून मान्य झालं. घरगुती उपकरणांसाठी पत्र लिहिताना याचा उल्लेख करायला हरकत नाही.

वॉरंटी संपल्यावर मात्र तुम्ही पूर्ण मोकळे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे चिप-लेव्हल काम करणारी माणसं अजून आहेत. कंपनी अख्खा पीसीबी बदला म्हणते तिथे हे लोक एक रिले किंवा कपॅसिटर बदलून देतात. त्यांच्याकडेही बिल आणि निदान ३० दिवसांची हमी मागा. दुरुस्ती करायची की नवं घ्यायचं याचा माझा हिशेब साधा आहे: खर्च नव्याच्या अर्ध्यापेक्षा कमी आणि बिघाड पहिलाच असेल तर दुरुस्ती, कॉम्प्रेसर दुसऱ्यांदा गेला असेल तर नमस्कार.

कंपनीनं हात वर केले: पत्र

फोनवर बोलणं इथे थांबवा. कंपनीच्या तक्रार निवारण ईमेलवर हा मजकूर पाठवा आणि त्याचीच प्रत स्पीड पोस्टनं, पोच सांभाळून:

“मी आपले (वस्तू), मॉडेल क्र. —, सीरियल क्र. —, दि. — रोजी (विक्रेता) यांच्याकडून बिल क्र. — ने खरेदी केले. दि. — रोजी तक्रार क्र. — नोंदवली. आपल्या प्रतिनिधीने (भागाचे नाव) उपलब्ध नसल्याचे तोंडी सांगितले व तक्रार परस्पर बंद केली. कृपया ७ दिवसांत लेखी कळवावे: (१) हा भाग उपलब्ध आहे का, असल्यास किंमत व मिळण्याचा कालावधी, (२) नसल्यास त्याचे उत्पादन केव्हापासून बंद आहे व पर्यायी भाग कोणता, (३) खरेदीवेळी ही माहिती ग्राहकाला कोठे दिली होती. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये दाद मागण्यात येईल.”

दुसरा प्रश्न कळीचा. ‘नाही’ म्हणायला एक शब्द पुरतो, ‘केव्हापासून नाही’ सांगायला कुणाला तरी गोदामाची नोंद उघडावी लागते. माझा ‘न येणारा’ पीसीबी या प्रश्नानंतर नऊ दिवसांनी आला.

वस्तू ऑनलाइन घेतली असेल तर त्या ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या नियमांप्रमाणे त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं.

१९१५, आणि मग आयोग

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. बिल, जॉबशीट, पत्राची प्रत हाताशी घेऊनच फोन करा आणि मिळालेला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून ठेवा. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत तक्रार पोचवते. पुष्कळ भांडणं इथेच मिटतात. अडलंच तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचं मार्गदर्शन घ्या.

तरी दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांचं कोर्ट. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते, कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. वस्तू तपासणीला पाठवावी लागली तर ५ महिन्यांत, नाहीतर ३ महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, त्याची तयारी ठेवा. दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत, नुकसानभरपाई आणि खर्च, जे हवं ते तक्रारीत स्पष्ट मागा.

एक खाचखळगा: निव्वळ व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही. मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवलेली वस्तू चालते. घरी मसाले दळून विकणाऱ्या ताईंनी तक्रारीत तसं एक वाक्य न विसरता लिहावं.

कुठे हात घालू नये

मायक्रोवेव्ह घरी उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब साठून राहतो. फुगलेली मोबाइल किंवा लॅपटॉपची बॅटरी टाचणीनं टोचून ‘हवा काढायची’ नाही, ती पेटते. चार्ज करणं थांबवा आणि वस्तू सर्व्हिस सेंटरला द्या. गीझरचं सुरक्षा स्विच पुन्हा पुन्हा पडत असेल तर ते काढून थेट जोडणी करून देणारा इलेक्ट्रिशियन दारातूनच परत पाठवा.

दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली वस्तू भंगारवाल्याला देण्याआधी कंपनीची जुनी वस्तू परत घेण्याची सोय आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. फोन रीसेट करून द्या, कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून घ्या. आणि जुना फ्रिज जिन्याखाली दोन दिवस जरी ठेवणार असाल तरी त्याचं दार आधी उतरवा. लपाछपी खेळणारं पोर आत शिरलं तर त्याला आतून ते उघडता येईलच असं नाही.